आबांचा रेडिओ आणि धाकट्याचा स्टिरिओ

आमची लँडमास्टर गाडी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, देवळालीच्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थाकडून विकत घेतली, तेव्हा अख्ख्या मळ्यानं त्यांना वेड्यात काढलं होतं. फुलं पिकवणाऱ्या माणसानं टेम्पो घ्यावा, फार तर जीप. साहेबाच्या बुडाखालची गाडी घेऊन हा काय झेंडू वाहणार, असं चुलते विचारायचे. आबांनी झेंडूच वाहिला. मागची सीट काढून पडवीत ठेवायची, ओल्या गोणपाटात बांधलेले फुलांचे बोजे तिथं कोंबायचे आणि उजाडायच्या आत मखमलाबादहून नाशकाचा फुलबाजार गाठायचा. परत आल्यावर सीट जागेवर आणि आम्ही भावंडं सीटवर. माझ्या दप्तराला, कपड्यांना बाराही महिने शेवंतीचा वास यायचा आणि वर्गातल्या पोरी मला देव्हारा म्हणायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा.

त्या गाडीत पारशी बाबानं बसवून घेतलेला एक विलायती रेडिओ होता. समोरच्या पत्र्यात अगदी मधोमध. दोन बाजूंना दोन खुंट्या, मध्ये काचेची पट्टी, तिच्यात सरकणारी सुई आणि खाली पाच जाडजूड कळा. डावी खुंटी फिरवली की टक् असा आवाज होऊन रेडिओ सुरू व्हायचा. आबांना गाडीपेक्षा या रेडिओचं कौतुक जास्त. बाजारात फुलांचा लिलाव संपला की ते गाडीत बसून गाणी ऐकायचे आणि घरी उशिरा यायचे. आई म्हणायची, सवत केली असती तर तिला निदान धुणं तरी धुवायला लावलं असतं.

नव्वदनंतर शहर आमच्या बांधावर येऊन उभं राहिलं. मळा तुकड्या-तुकड्यानं गेला, तिथं कॉलनी झाली. आमच्याकडं घर, गाडीची शेड आणि शेडमागं झेंडू लावण्यापुरती एक पट्टी उरली. त्याच दोन-तीन वर्षांत आई गेली आणि डायबेटिसनं आबांचे डोळे नेले. आधी कडेकडेनं धूसर झालं, मग सगळंच. आबा म्हणायचे, "बघायला काय उरलं व्हतं, म्हणून गेले डोळे." लोकांना हा विनोद वाटायचा. मी तोवर नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आले होते. त्याची कथा वेगळी आहे आणि ती मी सांगणार नाही. शाळेत नोकरी करायची आणि आबांना सांभाळायचं. धाकटा भाऊ कॉम्प्युटर शिकून पुण्याला नोकरीला लागला होता.

आंधळ्या माणसाचा दिवस म्हणजे दिवसभर हाका. चप्पल कुठंय, भाजी ताटात कुणीकडं वाढलीस, पंचा दे, दाराशी कोण आलंय. ज्या माणसानं पंचवीस गडी हाकले, त्याला पाण्याच्या तांब्यासाठी हाक मारावी लागायची आणि प्रत्येक हाकेआधी ते जरा थांबायचे, ते मला ऐकू यायचं. फक्त संध्याकाळी हाक नसायची. ऊन उतरलं की आबा काठी घ्यायचे, भिंतीला हात लावत शेडपर्यंत जायचे, गाडीचं दार उघडायचे आणि स्टिअरिंगमागं बसायचे. मग टक्. डाव्या हाताला खुंटी, कळा, सगळं डोळे असल्यापासून ओळखीचं. गाणी लावायचे, बातम्या लावायचे आणि शेवटी बाजारभाव. विकायला घरात एक फूल नव्हतं, तरी बाजारभाव चुकवायचे नाहीत. रात्री जेवताना मला सांगायचे, लासलगावला कांदा पडला, पिंपळगावला टोमॅटो चढला. दिवसभरात कुणाच्याही मदतीशिवाय करता येईल अशी आबांची एवढी एकच गोष्ट उरली होती आणि मी तिला जिवापाड जपत होते. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी मी ती धुडासारखी गाडी गंगापूर रोडला फिरवून आणायचे. पोरं हसायची. हसू देत.

मी मध्ये एकदा त्यांना छोटा ट्रान्झिस्टर आणून दिला होता, म्हटलं, थंडीवाऱ्यात शेडमध्ये कशाला जायचं. त्यांनी तो दोन दिवसांनी परत दिला. म्हणाले, "घरात बसून ऐकलं का आजाऱ्यावानी वाटतं, पोरी. गाडीत बसलो का बाजाराहून आल्यावानी वाटतं."

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. दसऱ्याला धाकटा पुण्याहून आला तो हातात एक चकचकीत खोकं घेऊन. आमच्याकडं दसऱ्याला लोखंडाची पूजा असते. कुदळी, विळे, पाण्याची मोटार, गाडी, सगळं धुऊन त्याला हळद-कुंकू आणि झेंडूची माळ. नवी वस्तू आणायची ती याच दिवशी, आणि आणलेली वस्तू त्याच दिवशी वापरायला काढायची, नाहीतर मुहूर्त फुकट. धाकट्यानं खोकं देवापुढं ठेवलं, त्यावर फूल वाहिलं आणि आबांचा हात धरून खोक्यावर ठेवला.

"स्टिरिओ आहे, आबा. सीडी वाजते, एफएम आहे, रिमोट आहे. निळा लाइट लागतो."

आबांनी खोक्यावरून हात फिरवला. "हाय की आपल्याकडं एक."

"तो किती खरखर करतो! तुम्ही त्या खरखरीतून ऐकता तरी काय?"

मी धाकट्याला स्वयंपाकघरात ओढलं. म्हटलं, अरे, आबांना हे जमणार आहे का? तो म्हणाला, "ताई, लहान पोरंसुद्धा चालवतात." म्हटलं, लहान पोरांना दिसतं. त्याचा चेहरा एवढासा झाला. मग म्हणाला, "मी तिकडं बसून आबांसाठी काय करतो गं? सगळं तूच करतेस. तीन महिने सगळ्यांना विचारून विचारून हा निवडलाय. एवढं तरी करू दे." आता या वाक्यापुढं कुणाचं काय चालतं? त्यात बाहेरून आबांचा आवाज आला, "सणाच्या दिशी नाय म्हनू नये गं. बसवू दे त्याला." आबांनी सगळं ऐकलं होतं. डोळे गेल्यापासून त्यांचे कान भिंतीपलीकडचं ऐकायचे.

नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या एका दुकानापुढं नव्या गाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीला माळा, प्रत्येकाला आजच्या आज काहीतरी बसवून हवं. आमची म्हातारी त्या रांगेत उभी राहिली तेव्हा लोक फोटो काढायला आले. आबांना शेजारच्या चहाच्या टपरीवर स्टुलावर बसवलं. दुकानातल्या कारागिरानं जुना रेडिओ सोडवला, नव्याच्या वायरी जोडायला घेतल्या आणि त्यानं बॉडीला काळी वायर लावताच फाटकन ठिणगी उडाली. तो मागं सरकला. बॉनेट उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, हिचं सगळं उलटं आहे. आपल्या गाड्यांना बॅटरीची मायनस बाजू बॉडीला असते. हिला प्लस बॉडीला आहे. जुन्या इंग्रजी गाड्या अशाच यायच्या." मग त्यानं बॅटरीच फिरवून लावली आणि बाकी काय काय बदलायचं ते बदललं. आता नवा स्टिरिओ सुरळीत चालेल, म्हणाला.

इथपर्यंतही ठीक होतं. पण धाकटा चांगला मुलगा आहे आणि चांगल्या माणसांना काही वाया गेलेलं बघवत नाही. तो म्हणाला, "जुना वाजतो का बघा ना, कुणाला तरी देऊन टाकू." मागं दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. कारागिरानं घाईघाईत तो रेडिओ फूटपाथवर ठेवला आणि आत्ताच फिरवलेल्या वायरी सवयीनं, काळी बॉडीला धरून, त्याला जोडल्या. तो रेडिओ तर जन्मापासून उलट्या गाडीतला; त्याला प्लस बाजूच बॉडीला हवी होती. आतून फुस्स असा आवाज झाला आणि काचेच्या पट्टीमागून धुराची एक बारीक रेघ वर आली. कारागिरानं वायरी ओढून काढल्या. "गेला," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि पुढच्या क्षणाला त्याला पुढची गाडी दिसत होती.

टपरीवरून आबांनी विचारलं, "कसला वास येतोय?"

धाकटा माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काही नाही, आबा. नव्या वायरचा."

मळ्यातल्या पाण्याच्या मोटारी जळताना आबांनी आयुष्यात कितीदा हुंगल्या होत्या! जळलेल्या वायरचा वास त्यांना मैलावरून कळायचा. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "हां. नव्या वायरीला येतो असा वास." मी तिथंच उभी होते. मला रडू यायच्या बेतात होतं आणि रागही येत होता, पण कुणावर काढायचा ते कळेना. त्यानंतर नव्या स्टिरिओसाठी समोरचा पत्रा करवतीनं चौकोनी कापला. आता जुन्याला जागाच उरली नाही.

पहिले काही दिवस मी रोज संध्याकाळी आबांबरोबर शेडमध्ये जायचे. त्या स्टिरिओचं तोंड, म्हणजे समोरची बटणांची पट्टी, काढता येत होतं. चोरी होऊ नये म्हणून ते काढून घरात ठेवायचं, असं धाकटा चार-चारदा बजावून गेला होता. आधी ते तोंड बसवायचं, मग सुरू करायचं बटण लांब दाबायचं, मग रेडिओ निवडायचा, मग बँड, मग स्टेशन. मी लावून द्यायचे आणि वह्या तपासायला घरात यायचे. पाच मिनिटांत हाक. जाहिराती मोठ्यानं लागल्या. परत जायचं. पुन्हा हाक, सीडीवर गेलं. जी एक गोष्ट हाकेशिवाय होत होती तिथंही आता हाक आली. आणि प्रत्येक हाकेआधी तेच थांबणं.

मग एक दिवस आबा म्हणाले, "तू नको येऊस. मला जमतंय आता." म्हटलं, बरं झालं, हात बसला. तेव्हापासून मी ते तोंड गाडीलाच लावून ठेवलं. आमच्या शेडमध्ये येऊन कोण चोरणार होतं? आबा तिन्हीसांजेला जायचे, अंधार पडल्यावर यायचे, जेवताना बाजारभाव सांगायचे. रविवारी धाकट्याचा फोन यायचा. "कसा वाजतोय, आबा?" "लय झ्याक. घुंगरावानी." धाकटा खूश, आबा खूश. मीही खूश, मला काय माहीत!

डिसेंबरात एका रात्री आबा म्हणाले, "टोमॅटोला लय भाव आला बघ पिंपळगावला." त्याच दिवशी दुपारी शिक्षक खोलीत आमच्या शाळेतल्या एका बाई डबा उघडून तशाच बसल्या होत्या. त्यांच्या दिरानं सकाळी टोमॅटोचे क्रेट रस्त्यावर ओतून दिले होते, कारण कुणी उचलायला तयार नव्हतं. मी आबांकडं बघितलं. ते भाकरी चुरत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चपला काढून शेडपाशी गेले. आबा स्टिअरिंगमागं ताठ बसले होते. टोपी नीट घातलेली, दोन्ही हात चाकावर. निळा लाइट नव्हता, आवाज नव्हता, काही नव्हतं. शेजारच्या कॉलनीतून कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. किती दिवस हे असं चाललं होतं कोण जाणे! रोज दीड तास हा माणूस मुक्या गाडीत बसून राहायचा आणि मग घरात येऊन मला मनाचे बाजारभाव सांगायचा.

"आबा," मी म्हटलं.

ते दचकले. मग कळलं त्यांना. "बटनं हायेत का नाय तेच कळत नाय, पोरी. सगळं सपाट. आन् ती खुंटी गोल गोल फिरतच ऱ्हाती. आपल्या खुंटीला सुरुवात व्हती, शेवट व्हता." एकदा त्यांनी काहीतरी दाबलं होतं आणि ते एवढ्या जोरात वाजायला लागलं की कॉलनीतली पोरं जमली. बंद कसं करायचं ते कळेना, तेव्हा पोरांनीच ते बंद केलं. त्यानंतर आबांनी त्याला हात लावला नाही.

मी हात टेकून बसणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी मी टिकल्यांचं पाकीट घेऊन गाडीत बसले. सुरू करायच्या बटणावर मोठी टिकली, स्टेशनवर लहान, आवाजावर खडा असलेली. आबांना टिकल्या बोटांनी ओळखता आल्या, पण उपयोग शून्य. तेच बटण थोडं दाबलं तर एक करायचं, जास्त दाबलं तर भलतंच. कुठं आलोय ते तो स्टिरिओ निळ्या अक्षरांत सांगायचा, आणि नेमकं ते वाचायला आबांना डोळे नव्हते. एवढं करून तिसऱ्या दिवशी टिकल्या सुटून आबांच्या बोटाला चिकटून आल्या. मग मी कपाटातला जुना ट्रान्झिस्टर काढला. म्हटलं, घरात नको ना, मग हा गाडीतच ठेवते, तुमच्या शेजारी. त्याला खुंटी आहे, टक् आवाज आहे.

आबांनी तो हातात घेतला. खुंटी फिरवून बघितली. टक्. एक क्षण मला वाटलं, जमलं. मग त्यांनी तो माझ्या हातात परत दिला. "नको. त्यो अचानक आला आन् त्यानं बघितलं तर? त्याला काय वाटंल?"

"मी सांगते त्याला खरं काय ते."

"नाय सांगायचं." आबांचा गड्यांशी बोलायचा जुना आवाज निघाला. मग लगेच मऊ झाले. "पोरानं हौसेनं आनलाय. पदरी पडलं ते पवित्र झालं. तू माझ्या गळ्याची शपथ घे."

मी शपथा मानत नाही. तरीही रविवारी धाकट्याचा फोन आला तेव्हा 'अरे, जरा ऐक' एवढं म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "ताई, ऑफिसमध्ये सगळ्यांना सांगितलं मी, माझे वडील आंधळे आहेत पण स्टिरिओ एकटे चालवतात." याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी त्याला विचारलं, थंडी आहे का रे पुण्याला?

संक्रांतीला तो आला. तिळगूळ हातावर ठेवला न ठेवला आणि म्हणाला, "चला आबा, गाडीत बसू. गाणी ऐकू." आबा नेहमीसारखे स्टिअरिंगमागं बसले, मी त्यांच्या डाव्या हाताला, धाकटा मागच्या सीटवर पाय पसरून. पुढची सीट सलग आणि उंच, तिच्या पाठीमागून त्याला आमची फक्त डोकी दिसत असणार.

"लावा आबा तुम्हीच," तो म्हणाला. "मला बघायचंय तुम्ही कसे लावता ते."

आबांचा हात चाकावरून सुटला आणि पुढं गेला. त्यांची बोटं त्या सपाट तोंडावरून सावकाश फिरायला लागली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आणि परत. झेंडूची देठं खुडून खुडून ती बोटं काळी पडली होती. मागून धाकटा काहीतरी बोलत होता, ऑफिसचं, ट्रॅफिकचं. मी हात पुढं नेला आणि आबांच्या बोटांखालून माझं बोट सरकवून बटण दाबलं, लांब, मोजून. निळा उजेड पडला आणि गाणं सुरू झालं.

"वा!" धाकट्यानं मागून सीटवर थाप मारली. "जमलं की आबा! ताई, बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

आबांनी माझं बोट सोडलं नाही. घट्ट धरून ठेवलं, लहानपणी फुलबाजाराच्या गर्दीत मी त्यांचं धरायचे तसं. गाणं चालू होतं. आबांचा चेहरा समोर काचेकडं होता, आणि बऱ्याच दिवसांनी गाडीत आवाज आल्यामुळं तो खरोखरच सुखावलेला दिसत होता, हेच मला सोसवलं नाही.

"आबा, येत्या पाडव्याला मागं मोठे स्पीकर बसवू," धाकटा म्हणाला. "मग बघा मजा. बसवू ना?"

"बसव," आबा म्हणाले.